नेपल्सचा हातोडा आणि जुन्या गोव्याची नोव्हेना

कामगार संघटनेच्या कामात केस पांढरे झालेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येऊन कॅथलिक लोकांच्या एका प्रार्थनेविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही. आमची शाळा सातव्या इयत्तेत सुटली आणि पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातल्या व सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवर. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु या विषयाशी आमचे एक जुने देणे आहे. ते आधी सांगून टाकतो.

१९९८ सालची गोष्ट. माझगावच्या बाजूला जहाजदुरुस्तीचा एक कारखाना होता. तेथे कंत्राटी कामगारांच्या कपातीचा प्रश्न पेटला होता आणि नोव्हेंबरअखेरीस आम्ही रोज संध्याकाळी सहा वाजता फाटकाबाहेर सभा लावीत होतो. फिटर व वेल्डर या खात्यांत बरेच गोवेकर कॅथलिक होते. सभेला पाच मिनिटे झाली की ही मंडळी एकेक करून उठत. पहिल्या दिवशी आम्ही दुर्लक्ष केले, दुसऱ्या दिवशी चौकशी केली. ‘नोव्हेना आहे, साहेब,’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी भर सभेत आमच्या तोंडून निघून गेले की, नऊ दिवस गुडघे टेकून पगार वाढत असता तर युनियन कशाला काढावी लागली असती! लोक हसले. ती माणसे हसली नाहीत, भांडलीही नाहीत. चौथ्या दिवसापासून मात्र सभेला येईनाशी झाली. डिसेंबरात मतदान झाले तेव्हा ती बाजूला राहिली आणि आमचा ठराव पडला. कपात झाली. कपातीच्या यादीत त्यांचीही नावे होती.

पुढे कित्येक दिवस एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. दोन संध्याकाळी लागोपाठ सभेला बसवायचे म्हटले तर ज्यांच्या मागे फिरून आमच्या चपला झिजत, तीच माणसे नऊ संध्याकाळी न चुकता, कोणी बोलावू न जाता, एका जागी कशी जमत होती? या प्रश्नाचा माग काढताना जे वाचले आणि जे पाहिले ते येथे मांडतो.

नऊ या संख्येला लॅटिन भाषेत ‘नोवेम’ म्हणतात, त्यावरून नोव्हेना. आपल्याकडे नवरात्र आहे, हरिनाम सप्ताह आहे. दिवस मोजून उपासना करण्याची कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. फरक आहे तो एवढाच की, नवरात्राचे नऊ दिवस हाच उत्सव असतो, आणि सणाआधीच्या नोव्हेनेत नऊ दिवस उत्सवाची वाट पाहण्यात जातात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली प्रार्थना, आणि दहाव्या दिवशी सण.

याचा मूळ दाखला बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सापडतो. ख्रिस्ताचे स्वर्गारोहण झाल्यावर त्याचे शिष्य, त्याची आई आणि काही स्त्रिया यरुशलेममधील एका माडीवर एकत्र राहून प्रार्थना करीत राहिल्या, असे तेथे म्हटले आहे. स्वर्गारोहण पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी आणि पवित्र आत्मा उतरला तो पेंटेकॉस्टचा दिवस पन्नासावा. मधले दिवस नऊ. या माडीवर कोण होते? बरेचसे मासे मारणारे, एक जकात गोळा करणारा. पुढारी निघून गेलेला, सरकार विरोधात, आणि पुढे काय करावयाचे ते कोणाला ठाऊक नाही. संप मोडल्यानंतर एखाद्या चाळीच्या खोलीत जमलेले लोक ज्याने पाहिले आहेत त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने दुसराही एक उगम मानतात, आणि तो ख्रिस्ती नाही. प्राचीन रोमन लोक माणूस गेल्यावर नऊ दिवस शोक पाळीत व नवव्या दिवशी विधी करीत. ख्रिस्ती झालेल्या सामान्य लोकांनी धर्म बदलला, पण नऊ दिवस सोडले नाहीत. संत ऑगस्टीनने याबद्दल नाराजी व्यक्त केली. ही चाल परधर्मीयांची आहे, ख्रिस्ती लोकांनी ती पाळू नये, असे त्याचे म्हणणे पडले. लोकांनी ऐकले नाही. पुढे खुद्द पोपच्या मृत्यूनंतर नऊ दिवस प्रार्थना करण्याची रीत रोममध्ये रूढ झाली, आणि ती आजही चालते. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले. त्यांच्यासाठीचे नऊ दिवस २६ एप्रिल ते ४ मे असे पाळले गेले. त्यांतला सहावा दिवस १ मे होता. १९५५ साली बाराव्या पायसने १ मे हा ‘कामगार संत जोसेफ’ याचा सण म्हणून ठरवून दिला आहे. आमच्या लाल बावट्याच्या दिवसावर चर्चने सुताराला आणून बसविले, अशी टीका आमच्याच गोटातून पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण सुतार हा काही वाईट सोबती नव्हे.

येथून पुढे जे दिसते ते असे की, नोव्हेना ही रोमहून निघून खेड्यात गेली नाही; ती खेड्यातून निघून रोमला पोहोचली. स्पेन व फ्रान्समध्ये ख्रिसमसपूर्वीचे नऊ दिवस पाळण्याची चाल मध्ययुगाच्या आरंभापासून आढळते. मेरीने नऊ महिने मूल पोटात वागविले, म्हणून नऊ दिवस; ही गणना करण्यास पंडिताची गरज नाही, कोणतीही सुईण ती करील. स्पॅनिश राज्याबरोबर हे नऊ दिवस समुद्रापार गेले. फिलिपाइन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर या दिवसांची मिस्सा पहाटे, अंधारात होते. याचे कारण तेथील लोक असे सांगतात की, उजाडल्यावर शेतावर जावे लागे, म्हणून प्रार्थना त्याआधी उरकावी लागे. मेक्सिकोत त्याच नऊ रात्री लोक घरोघर फिरून दार ठोठावतात आणि आतून नकार घेतात; गरोदर बायकोला घेऊन फिरणाऱ्या एका सुताराला कोणी बिऱ्हाड दिले नाही, याची ती आठवण असते.

चर्चच्या अधिकृत उपासनेत नोव्हेनेला फार काळ पक्के स्थान नव्हते. तिला मुभा होती, कौतुकही होते. पण मिस्सेचे जसे नियम असतात तसे तिचे नव्हते. या उपेक्षेचा एक मोठा फायदा झाला. मिस्सा विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते १९६५), लॅटिनमध्ये चालत असे. नोव्हेना मात्र लोक आपापल्या भाषेत म्हणू शकत होते. गोव्यातली बाई कोंकणीत आणि वसईकडचा बागायतदार मराठीत देवाशी बोलला, तो अशा वाटेने. अखेर १८९७ साली तेराव्या लिओने सर्व चर्चमध्ये पेंटेकॉस्टपूर्वी नऊ दिवसांची प्रार्थना करावी असा आदेश काढला. हा तेरावा लिओ म्हणजे तोच पोप, ज्याने १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून मजुरी ही मजुराच्या पोटापुरती असलीच पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, असे लिहिले. खासगी मालमत्तेवरची त्याची मते आम्हांला मान्य नाहीत. तरी एकाच म्हाताऱ्याने सहा वर्षांच्या अंतराने या दोन गोष्टी केल्या, हे नोंदविण्याजोगे आहे.

आता हातोड्याकडे येऊ.

१६३३ सालचा डिसेंबर महिना. इटलीतील नेपल्स शहरात मेरीच्या सणाची सजावट उतरविण्याचे काम चालले होते. जेझुइट पंथाचा एक तरुण पाद्री, मार्चेल्लो मास्ट्रिल्ली, खाली उभा होता. वर काम करणाऱ्या मजुराच्या हातून हातोडा निसटला आणि मास्ट्रिल्लीच्या डोक्यावर पडला. जखम जीवघेणी होती. वैद्यांनी आशा सोडली. १६३४ च्या जानेवारीच्या आरंभी एका रात्री, मास्ट्रिल्लीने पुढे सांगितले त्याप्रमाणे, संत फ्रान्सिस झेवियर यात्रेकरूच्या वेषात त्याच्यासमोर उभा राहिला. त्याने त्याच्याकडून पूर्वेकडे जाऊन धर्मकार्य करण्याचा नवस वदवून घेतला, आणि मास्ट्रिल्ली बरा झाला. झेवियरची नऊ दिवस प्रार्थना करणाऱ्याला कृपा लाभेल, ही भक्ती येथून पसरली. ‘कृपेची नोव्हेना’ या नावाने ती ४ ते १२ मार्च या दिवसांत करतात, कारण १२ मार्च १६२२ रोजी झेवियरला संतपद मिळाले. सतराव्या शतकाच्या मध्यात सातव्या अलेक्झांडर पोपने लिस्बनमधील झेवियरच्या नोव्हेनेला पापक्षालनाची सवलत दिली. नोव्हेनेला मिळालेल्या अशा सवलतींतील ही अगदी आरंभीची होय.

चमत्कार झाला की नाही, यात आम्ही पडत नाही. आमचे लक्ष वर परातीवर उभ्या असलेल्या त्या मजुराकडे जाते. हातोडा निसटला तेव्हा त्याचे काय झाले? पाद्री मरणार अशी बातमी शहरभर असताना ते तीन-चार आठवडे त्याने कसे काढले? उंचावर काम करणाऱ्यांच्या अपघातांची कागदपत्रे आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहेत. खालचा जखमी झाला की वरच्याला पहिल्यांदा काढून टाकतात. या कथेत संत आहे, पाद्री आहे, वैद्य आहेत, पुढे राजेही येतात. जगभर पसरलेल्या एका प्रार्थनेचा आरंभ ज्याच्या घामेजलेल्या मुठीतून झाला, त्याला मात्र नाव नाही.

याच १२ मार्च १६२२ रोजी झेवियरबरोबर आणखी चौघांना संतपद मिळाले, आणि त्यांत माद्रिदचा इसिद्रो नावाचा शेतमजूर होता. तो दुसऱ्याच्या जमिनीवर रोजाने नांगर धरी. सोबतच्या मजुरांनी मालकाकडे चहाडी केली की, हा प्रार्थनेला जातो आणि कामावर उशिरा येतो. मालक पाहायला आला तर इसिद्रोच्या जागी देवदूत नांगर हाकीत होते, अशी दंतकथा आहे. आम्ही ती एका गोवेकर खलाशाकडून प्रथम ऐकली. तो म्हणाला, ‘आमच्या वेळी देवदूत येत नाहीत, साहेब, अर्ध्या दिवसाचा पगार कापतात.’

मास्ट्रिल्लीने नवस पाळला. १६३५ साली तो गोव्यास आला, झेवियरच्या शवाचे दर्शन त्याने घेतले आणि पुढे जपानला गेला. तेथे ख्रिस्ती धर्माला बंदी होती. ऑक्टोबर १६३७ मध्ये नागासाकीला हालहाल करून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. जाण्यापूर्वी त्याने संताच्या शवासाठी चांदीची पेटी करण्याची व्यवस्था केली होती. ती पेटी गोव्याच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. झेवियरच्या आयुष्यातील प्रसंग कोरलेले बत्तीस पत्रे तिच्यावर आहेत. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये (बांधकामास आरंभ १५९४, अभिषेक १६०५) ती आजही आहे. खालचा संगमरवरी चौथरा नंतरचा; तो तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने धाडला, फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने घडविला आणि १६९८ साली उभा राहिला. शिल्पकाराचे नाव प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. चांदी ठोकणाऱ्यांचे नाव आम्ही तेथे कोणाच्या तोंडी ऐकले नाही.

या ठिकाणी एक कटू गोष्ट टाळता येत नाही. १५४६ साली झेवियरनेच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन मागितले होते. तो ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. न्यायासन १५६० साली आले आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत टिकले. देवळे पाडली गेली, माणसे घरदार टाकून घाटावर आणि दक्षिणेकडे गेली. १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मपरिषदेने असेही ठरविले की, ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. असा ठराव करावा लागला याचाच अर्थ त्या त्यांच्याकडून करवून घेतल्या जात होत्या! गोव्यातली सोन्याचांदीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या शेट लोकांच्या हातांत होती. बंदी हुकमांत राहिली. चर्चला लागणारी चांदी त्याच मातीतल्या भट्ट्यांवर वितळत राहिली. ज्या संतामुळे आपल्या आजोबांवर संकट आले, त्याच्यासाठी पत्र्यावर ठोके घालताना कारागिराच्या मनात काय येत असेल? मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली म्हणजे झाले, असेही असेल. आम्ही हयातभर अशी माणसे पाहिली आहेत. मालकाचा तिरस्कार करीत त्याचे काम मात्र ती बिनचूक करतात, कारण काम हे त्यांचे स्वतःचे असते.

२०१९ साली वास्कोला एका सभेसाठी गेलो असता आम्ही मुद्दाम एक पहाट जुन्या गोव्यात काढली. झेवियरची तेथली नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त. गर्दी चर्चमध्ये मावत नाही म्हणून बाहेर मांडव असतो आणि सकाळपासून एकामागून एक मिस्सा होतात. सावंतवाडी, बेळगाव, कारवार या बाजूंनीही लोक पायी येतात. पंढरीच्या वाटेवर दिसतात तशाच भेगाळलेल्या टाचा तेथे दिसल्या. रस्त्याच्या कडेला खाज्याचे आणि मेणबत्त्यांचे ठेले. रांगेत आमच्या पुढे कपाळावर कुंकू लावलेली एक म्हातारी होती. तिला विचारले तर म्हणाली, ‘तो गोंयचो सायब.’ एवढ्यावर तिने विषय संपविला. आत पोचल्यावर चांदीची पेटी दिसते, पण इतक्या उंचावर की पत्र्यांवरचे कोरीव काम खालून धड दिसत नाही. ज्यांनी ते जवळून पाहिले ते ठोकणारेच.

आता मुंबई. गोव्याचे लोक पोटासाठी मुंबईत आले, बोटींवर खलाशी, स्वयंपाकी, स्टुअर्ड झाले, आणि धोबीतलाव, डाबूळ, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे ‘कूड’ काढले. कूड म्हणजे खोली; एका गावच्या लोकांची सामायिक बिऱ्हाडाची जागा. भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, समोर गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याचा नियम, चुकणाऱ्याला दंड. वर्गणी, हिशेब, आजाऱ्याची सोय, बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने बेकार बसलेल्याला उधारीवर आसरा, हे सर्व कुडाचे लोक आपणच पाहत. जहाजावर नोकरी मिळवायला दलालाला आणि सारंगाला दस्तुरी द्यावी लागे, त्या काळात युनियनचे नाव ऐकण्यापूर्वी या माणसांना पाठीशी दुसरे काय होते? गावच्या संताच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना होई. लादाईन संपली की उकडलेले चणे आणि थोडी फेणी. ज्या सभांसाठी आम्ही पत्रके वाटीत हिंडत होतो, तशी सभा त्यांच्याकडे अनेक पिढ्या रोज भरत होती, आणि तिचे हजेरीपुस्तकही होते.

वेळ हा या साऱ्याचा गाभा आहे, असे आम्हांला वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, असेही कारण पुढे केले. जून १८९० मध्ये मालकांनी रविवार मान्य केला. शुद्ध बुद्धिवादी माणसाला हे कारण रुचणार नाही. पण पोटाच्या नावाने मागितलेला वेळ मालक देत नव्हता, तो देवाच्या नावाने मागावा लागला, यात कमीपणा कोणाचा? लोखंडे हे सत्यशोधक होते, भाबडे नव्हते.

माहीमच्या सेंट मायकेल चर्चची प्रसिद्ध नोव्हेना हे याचे दुसरे उदाहरण. ८ सप्टेंबर १९४८ रोजी, बुधवारी, ती सुरू झाली. येथे सलग नऊ दिवस नसतात, नऊ बुधवार असतात. आणि बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा प्रार्थना होते, म्हणजे कोणत्याही पाळीच्या माणसाला एक तरी वेळ सापडावी. परळ-दादरच्या गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत चालत होत्या. नऊ दिवस लागोपाठ एकाच वेळी मोकळा असलेला कामगार त्या शहरात विरळाच. हे गणित ठरवून घातले की आपोआप बसले, ते बाजूला ठेवू, बसले खरे. तेथे येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सर्व असतात आणि मेणाचे हात, पाय, घरे वेदीपुढे ठेवतात. गिरण्या गेल्या, भोंगे गेले. बुधवार चालू आहेत. रांगेत आता कुरिअरची पोरे आणि इस्पितळातल्या कंत्राटी आया दिसतात, आणि मेणाच्या वस्तूंत घर सर्वांत जास्त खपते.

या भक्तीची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. ‘ही प्रार्थना नऊ दिवस म्हणा, नऊ प्रती काढून वाटा, काम झालेच पाहिजे’ अशी पत्रके चर्चच्या बाकांवर आणि आता फोनवर फिरतात. ती न वाटणाऱ्याला भीतीही घातलेली असते. पाद्रीच त्यांविरुद्ध बोलतात. गावोगावच्या फेस्तांचा मान कोणाचा, यावरून गोव्यातल्या उच्च जातींनी बाकीच्यांना दूर ठेवल्याची भांडणेही जुनी आहेत. धर्म बदलला तरी मानपान बदलला नाही. ही घाण झाकून नोव्हेनेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही.

२०१९ च्या त्या पहाटेनंतर मुंबईस परतल्यावर आम्ही माझगावच्या एका कुडाची पायरी चढलो. १९९८ सालच्या त्या फिटरांपैकी एक जण, आता म्हातारा, तेथे तेर्स सांगत होता. आम्हांला त्याने ओळखले. ‘बसा,’ म्हणाला, ‘अजून अर्धा तास लागेल.’ आम्ही मागच्या पेटीवर बसलो. प्रार्थना संपल्यावर त्याने चण्याची बशी पुढे केली आणि कपातीच्या नुकसानभरपाईच्या दाव्याचे पुढे काय झाले ते विचारले. एकवीस वर्षांच्या तारखा त्याच्या वहीत लिहिलेल्या होत्या. आमच्या कचेरीतल्या फायलीत तीन तारखा कमी निघाल्या. त्या भागात सभा लावायची झाली तर आम्ही आता आधी लादाईन किती वाजता संपते ते विचारून घेतो.